कोहिमा: आधी गाव, मग टेकडी

पहिल्यांदा कोहिमाला गेले तेव्हा दिमापूरहून दुपारी पोचले, खोलीवर सामान टाकलं आणि तडक वॉर सिमेट्री गाठली. अंधार पडायच्या आत जमेल तेवढ्या पाट्या वाचल्या. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि जपानी इथे लढले, एवढंच डोक्यात घेऊन खाली उतरले. ही टेकडी कुणाच्या दारात आहे, लढाई चालू होती तेव्हा त्या दारातली माणसं कुठे होती, हा प्रश्न मला त्या दिवशी पडलाच नाही. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला. आधी अंगामी या नागा जमातीचं गाव पाहिलं, चुलीपाशी बसले, आणि टेकडीवर दुसऱ्या दिवशी गेले. तीच टेकडी तेव्हा वेगळी दिसली. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिते आहे. तुम्हीही शक्यतो तसंच करा.

कधी जायचं

ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा मार्च-एप्रिल. जून ते सप्टेंबर पाऊस जोरात असतो. दिमापूर-कोहिमा रस्त्यावर दरडी येतात आणि तासन्‌तास खोळंबा होतो. फक्त झुकू खोऱ्यातल्या लिलीसाठी जाणाऱ्यांना जून-जुलै गाठावाच लागतो. त्यांनी दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवावेत.

डिसेंबरच्या 1 ते 10 तारखेला हॉर्नबिल महोत्सव असतो. तो 2000 साली सुरू झाला. नागालँड राज्य 1 डिसेंबर 1963 रोजी अस्तित्वात आलं, म्हणून सुरुवात त्याच तारखेला होते. सगळ्या जमातींची नृत्यं, गाणी, पोशाख आणि स्वयंपाक एका ठिकाणी पाहायला मिळतो. पण त्या दहा दिवसांत खोल्यांचे भाव चढलेले असतात, रस्ते तुंबलेले असतात आणि गावकऱ्यांना तुमच्याशी बोलायला उसंत नसते. पहिलीच खेप असेल तर हॉर्नबिल टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. अंगामींचा स्वतःचा सण पाहायचा असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी सेक्रेन्यी असतो. तो शुद्धीचा सण आहे आणि गावात, गावासाठी साजरा होतो.

एप्रिलचं मला विशेष वाटतं. 4 एप्रिल 1944 ला जपानी फौज कोहिमापाशी आली. त्याच दिवसांत त्या रस्त्यांवर उभं राहिलं की पुस्तकातली हवा, धुकं, ओली माती सगळं अंगाला लागतं.

परवाना

नागालँडमध्ये जायला भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागतं. त्याचं मूळ 1873 च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनमध्ये आहे. इंग्रजांनी ते आपल्या सोयीसाठी केलं. आज नागा लोक त्याकडे आपली जमीन आणि ओळख राखणारं कुंपण म्हणून पाहतात. त्यामुळे ‘आपल्याच देशात परवाना कसला’ असा वाद तपासनाक्यावर घालू नका.

अर्ज नागालँड सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. ओळखपत्र, फोटो आणि राहण्याचा पत्ता हाताशी ठेवा. निघायच्या निदान आठवडाभर आधी अर्ज करा. कोहिमा, दिमापूर, चुमौकेदिमा असे जिल्हे वेगवेगळे आहेत. जिथे जिथे जाणार ते सगळे अर्जात आहेत ना, हे पाहा. मोबाइलमधली प्रत पुरेल असं धरून चालू नका, दोन छापील प्रती खिशात असू द्या. नातेवाइकांपैकी कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्यांचे नियम वेगळे आहेत. ते त्यांनी तिकीट काढण्याआधी तपासावेत.

पोचायचं कसं

विमानतळ आणि रेल्वे स्टेशन दोन्ही दिमापूरला. मुंबई-पुण्याहून विमानाने कोलकाता किंवा गुवाहाटीमार्गे जाता येतं. वेळ असेल तर गुवाहाटीपर्यंत विमानाने जा आणि पुढे रेल्वेने. पाच-सहा तासांत दिमापूर येतं, आणि सपाट आसाम मागे पडून डोंगर कसे सुरू होतात ते खिडकीतून पाहायला मिळतं. दिमापूरहून कोहिमा सुमारे 70 किलोमीटर. शेअर सुमो आणि टॅक्सी स्टेशनजवळच मिळतात. सकाळच्या गाड्या पकडा.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. घड्याळ तेच असलं तरी सूर्य वेगळा असतो. डिसेंबरमध्ये साडेचारलाच दिवस मावळतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात दुकानं बंद होऊ लागतात. आपल्याकडे सहा-सातला फिरायला निघायची सवय असते, इथे तोवर रात्र झालेली असते. म्हणून पहाटे उठा आणि दुपारी तीनला दिवस संपला असं धरून बेत आखा. आणि रविवार मोकळा सोडा. बहुसंख्य नागा ख्रिस्ती आहेत, रविवारी सगळं शहर चर्चमध्ये असतं, बाजार बंद, गाड्याही नावालाच. तुम्हीही चर्चच्या प्रार्थनेला मागे शांत बसू शकता. समूहगायन ऐकलंत तर रविवार फुकट गेला असं वाटणार नाही.

राहायचं कुठे

शहरात हॉटेलं आहेत, पण मी घरगुती मुक्काम सुचवीन. किग्वेमा, खोनोमा किंवा कोहिमा गावाजवळ. कोहिमा साधारण 1,400 मीटर उंचीवर, डोंगराच्या कण्यावर वसलेलं आहे. रस्ते अरुंद आणि वाहनं अमाप, त्यामुळे शहरातलं तीन किलोमीटरचं अंतर कधी तासभरही खातं. गावात राहिलात तर संध्याकाळ स्वयंपाकघरात जाते. अंगामी घरात चूल हीच बैठकीची खोली असते. वर मांडणीवर मांस धुरात वाळत असतं, खाली काळा चहा उकळत असतो. घरच्या बाईंना सगळे ‘आंटी’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. हॉटेलात न मिळणारी सगळी माहिती या चुलीपाशी मिळते.

नागामीज ही वेगवेगळ्या जमातींना जोडणारी बाजारभाषा. ती असमियाच्या अंगाने गेलेली असल्याने आपल्याला थोडी थोडी कळते. भाव विचारायला ‘किमान?’ एवढा शब्द पुरतो. मराठीतला ‘किमान’ वेगळा, हा ‘किती?’ या अर्थाचा. अंगामींची आपली भाषा तेन्यीदिए. राज्याची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, हिंदीही बऱ्याच जणांना येते.

पहिला दिवस: कोहिमा गाव

शहराचं नाव ज्या गावावरून पडलं ते मूळ गाव आजही शहराच्या वरच्या अंगाला आहे. सगळे त्याला बडा बस्ती म्हणतात. गावाच्या वेशीवर नक्षीदार दरवाजा आहे. त्यावर मिथुनाचं शिर आणि योद्धे कोरलेले दिसतात. मिथुन हा इथला गवा-बैलासारखा जनावर, श्रीमंतीची आणि मानाची खूण. जुन्या काळी ज्याने साऱ्या गावाला जेवण घातलं त्यालाच घरावर लाकडी शिंगं चढवण्याचा, आपल्या नावाने दगड उभा करण्याचा हक्क मिळे. तो अजस्र दगड गावातले पुरुष दोरखंडांनी ओढून आणत. म्हणजे संपत्ती वाटून टाकल्यावर मान मिळायचा. हे उभे दगड पाहून ठेवा, दुसऱ्या दिवशी टेकडीवर त्यांची आठवण होणार आहे.

गाव चार खेलांत वाटलेलं आहे. खेल म्हणजे कुळांचा मोहल्ला. प्रत्येकाची आपली सीमा, आपली माणसं. वाटेत भेटणाऱ्याला हसून नमस्कार करा आणि ‘गाव बघायला आलोय, चालेल ना?’ असं विचारा. ते विचारणं महत्त्वाचं आहे. वस्ती म्हणजे काही संग्रहालय नव्हे. घरांचे, म्हाताऱ्यांचे, थडग्यांचे फोटो न विचारता काढू नका. अंगणात पूर्वजांची थडगी असतात, त्यावर लोक बसलेले दिसले तरी आपण बसू नये.

आता गावाच्या काठावर उभं राहून समोर पाहा. खाली शहर, आणि मधोमध गॅरिसन टेकडी, म्हणजे वॉर सिमेट्रीचीच टेकडी. 1944 च्या एप्रिलमध्ये जपान्यांनी हे गाव घेतलं आणि मेअखेरीपर्यंत सोडलं नाही. तोफा इथून तिकडे आणि तिकडून इथे चालत होत्या. गाव जळालं. लोक जंगलात, शेतात, नातलगांच्या गावांत पळाले. ज्यांची घरं जळाली त्यांतलेच कित्येक जण जखमींना डोंगर उतरवून नेत होते, ब्रिटिश-भारतीय फौजेला वाट दाखवत होते, जपान्यांची खबर आणत होते. ब्रिटिश सेनापती स्लिम यांनी नागांचे हे उपकार पुढे जाहीरपणे मान्य केले. हे गावात उभं राहून आधी समजून घ्या.

त्याच दिवशी वेळ उरला तर राज्य संग्रहालय पाहा. जमातीनिहाय दागिने, हत्यारं, शाली नीट लावलेल्या आहेत. शालीचे पट्टे आणि रंग नुसते सजावटीचे नसतात. कोणती शाल कुणी पांघरायची याला अर्थ असतो. विकत घेताना ‘ही कोण पांघरतं?’ असं विचारून घ्या. विणणाऱ्या बाईला तो प्रश्न आवडतो. धनेशाची खरी पिसं किंवा चोच कुणी देऊ केली तर घेऊ नका, तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

दुसरा दिवस: टेकडी

सकाळी लवकर जा. युद्धस्मारकाची ही दफनभूमी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी हिरवळ, दगडी चौथऱ्यांवर कांस्याच्या पाट्या. खालून वर जायचं.

खालच्या अंगाला ब्रिटिश सेकंड डिव्हिजनचा उंच, ओबडधोबड दगड उभा आहे. काल गावात पाहिलेल्या दगडांसारखाच. स्थानिक नागांनीच तो ओढून आणला. घरी जाल तेव्हा आमच्याबद्दल सांगा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला, अशा अर्थाच्या त्यावरच्या इंग्रजी ओळी जगभर प्रसिद्ध आहेत. गावाच्या रीतीने स्मरणाचा दगड आधी उभा राहिला, त्यावर अक्षरं नंतर आली, हे मला दुसऱ्या खेपेला उमगलं.

मग हळूहळू वर चढा आणि वयं वाचा. वीस, एकवीस, तेवीस. काही पाट्यांवर नावच नाही.

मध्यावर टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आहेत. हे डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांच्या बंगल्याचं कोर्ट. इथे किती जवळून लढाई झाली हे समजायचं असेल तर रेषेच्या एका टोकाला स्वतः उभे राहा आणि दुसऱ्या टोकाला सोबत्याला उभं करा. त्या अंतरावर दोन्ही बाजूंचे खंदक होते, हातबॉम्ब फेकण्याइतक्या अंतरावर. जपान्यांनी टेकडीला घातलेल्या वेढ्याचा काळ साधारण 4 ते 18 एप्रिलचा. कर्नल ह्यू रिचर्ड्स यांच्या हाताखाली टेकडीवर सुमारे अडीच हजार माणसं, त्यांतली हजारभर लढणारी नव्हेत. समोर जपानी सेनापती सातो यांच्या 31 व्या डिव्हिजनचे 15 हजारांच्या आसपास. पाण्याचे साठे जपान्यांच्या हाती गेले, तेव्हा माणशी जेमतेम अर्ध्या लिटरवर दिवस निघत होता. रॉयल वेस्ट केंट पलटण सगळ्यांना ठाऊक असते. पण आसाम रेजिमेंट आणि आसाम रायफल्सचे जवानही याच टेकडीवर होते, त्यांची नावं मुद्दाम शोधा. वेढा उठला तरी लढाई संपली नव्हती. मेच्या मध्यावर रणगाडा वर चढवून अगदी जवळून तोफा डागल्या, तेव्हा कुठे कोर्टापलीकडचे जपानी बंकर मोडले. कोहिमा-इम्फाळ रस्ता मोकळा झाला तो 22 जूनला. ब्रिटिश-भारतीय बाजूचे चार हजारांवर आणि जपान्यांचे साडेपाच हजारांवर मृत, जखमी आणि बेपत्ता. जपानी फौज परत फिरली तेव्हा भूक आणि रोग यांनी त्याहून कितीतरी जास्त माणसं नेली, त्यांची गणती यात नाही.

कोर्टाजवळ एक चेरीचं झाड आहे. मूळ झाडावर जपानी नेमबाज बसायचे. ते लढाईत मोडलं, आणि त्याच्या बुंध्यातून फुटलेल्या कोंबाचं आजचं हे झाड.

आता अगदी वर जा. बहुतेक लोक कोर्टापाशी फोटो काढून परत फिरतात, तसं करू नका. वर दहनस्मारक आहे. हिंदू आणि शीख सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला, त्या 917 जणांची नावं इथे कोरलेली आहेत. खाली थडग्यांत 1,420 जण आहेत, त्यांत मुसलमान जवानही आहेत. आपल्याकडच्या वाचकाने या भिंतीपाशी वेळ द्यावा. गड्यानो, रांगेने नावं वाचत जा, मोठ्याने वाचली तरी चालेल. आमच्या साताऱ्या-कोल्हापूरकडे कितीतरी घरांत ‘पणजोबा बर्मा आघाडीला गेले’ एवढाच एक धागा शिल्लक असतो. तसं तुमच्या घरात असेल तर निघण्यापूर्वी कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण टाकून शोधा. इंग्रजी स्पेलिंग जुन्या धाटणीचं असतं. ‘मराठा’साठी तेव्हा ‘महरट्टा’ असं लिहीत, आडनावांची तर दोन-तीन रूपं करून पाहावी लागतात. स्मारक कुठलं आणि नाव कुठल्या फळीवर, हेही तिथे कळतं. इम्फाळ किंवा रंगूनचं स्मारकही निघू शकतं.

सिमेट्रीत मोठ्याने हसणं, उड्या मारत रील काढणं, पाट्यांवर टेकून बसणं टाळा. मला हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण दरवेळी दिसतं.

शहरातच एका उतारावर तेव्हा घसरलेला रणगाडा जपून ठेवलेला आहे, कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा. अरादुरा टेकडीवरचं कॅथीड्रलही दुपारच्या उजेडात पाहा. त्याच्या उभारणीला लढाईत मेलेल्या जपानी सैनिकांच्या नातलगांनीही हातभार लावला.

तिसरा दिवस: खोनोमा

कोहिमापासून सुमारे 20 किलोमीटर, रस्त्याच्या अवस्थेनुसार तास-दीड तास. जाताना जोत्सोमा लागतं. वेढ्यातल्या टेकडीला तोफांचा आधार मिळत होता तो इथूनच. खोनोमात गावाची वाटाड्यांची व्यवस्था आहे. प्रवेशशुल्क भरा आणि गावचाच वाटाड्या घ्या, एकट्याने फिरू नका.

इंग्रजांचं इथलं युद्ध 1944 च्या कितीतरी आधीचं आहे. ऑक्टोबर 1879 मध्ये पोलिटिकल ऑफिसर डॅमंट खोनोमाच्या वेशीवर मारला गेला. नंतर ब्रिटिश फौजेने गावावर हल्ला केला आणि 1880 च्या मार्चपर्यंत अंगामी लढत राहिले. सेमोमा किल्ल्याच्या दगडी भिंतीपाशी हे सगळं कळतं. नागा राष्ट्रवादाचे नेते फिझो याच गावचे. गावात त्यांच्याबद्दल बोलणं निघालं तर ऐका, प्रश्न विचारा, निकाल देऊ नका. इथल्या लोकांनी पुढची अनेक दशकं बंदुकांच्या सावलीत काढली आहेत.

आणि मग शेती पाहा. पायऱ्यांची भातशेती डोळ्यांना दिसतेच, पण वाटाड्याला आल्डरची झाडं दाखवायला सांगा. फांद्या डोक्याच्या उंचीला छाटतात, त्यांचं सरपण होतं. मुळं हवेतला नायट्रोजन जमिनीत धरतात, त्यामुळे तेच शेत पुन्हा पुन्हा पिकतं. 1998 मध्ये गावाने स्वतः ठराव करून शिकार बंद केली आणि ट्रॅगोपान या दुर्मीळ पक्ष्यासाठी जंगल राखलं. शिकार हीच ज्यांची ओळख होती त्यांनी हे केलं. मला या सहलीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

चौथा दिवस: किसामा, किग्वेमा, जमल्यास झुकू

इम्फाळच्या रस्त्यावर बारा-एक किलोमीटरवर किसामा, हॉर्नबिल महोत्सवाचं ठिकाण. किग्वेमा आणि फेसामा या दोन गावांच्या नावांतून हे नाव घडलं. महोत्सव नसतानाही प्रत्येक जमातीचं मोरुंग, म्हणजे तरुणांचं पारंपरिक घर, आणि युद्धसंग्रहालय शांतपणे पाहता येतं. पुढे किग्वेमा. जपानी इथे 4 एप्रिलला आले, त्याची नोंद गावकऱ्यांनी एका घरावर लिहून ठेवली आहे.

झुकू खोरं साधारण 2,450 मीटरवर. विस्वेमाकडून वाट सोपी, झाखामाकडून चढ उभा. वर मुक्कामाची साधी सोय असते. थंडीत दंव पडतं, जाड पांघरूण न्या किंवा वर भाड्याने घ्या. 2020-21 च्या हिवाळ्यात तिथे मोठा वणवा लागला होता, तेव्हा काडी-बिडी अजिबात नको. वाट खुली आहे का, हे आदल्या दिवशी गावात विचारा.

जेवण

धुरावलेलं डुकराचं मांस, त्यात अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, किंवा बास्तेंगा म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब. अखुनीचा वास पहिल्यांदा अंगावर येतो, तिसऱ्या घासाला आवडू लागतो. शाकाहारींनी आधीच स्पष्ट सांगावं. भात, उकडलेल्या पालेभाज्या, डाळ मिळते. गाल्हो ही पालेभाजी घातलेली मऊ खिचडी मांसाशिवायही करून देतात, थंडीत तिच्यासारखं काही नाही. राजा मिरचीची चटणी सुईच्या टोकाएवढी घ्या. लवंगीचा ठेचा पचवणाऱ्यांनीही हे ऐकावं. राज्यात 1989 च्या कायद्याने दारूबंदी आहे. झुथो ही तांदळाची घरगुती बिअर कुणी चुलीपाशी देऊ केली तर तो त्या घराचा पाहुणचार, मागून घ्यायची वस्तू नव्हे.

बाजारात बेडूक, गोगलगाई, गांधीलमाशीच्या अळ्या विकायला असतात. नाक मुरडू नका. ते विकणारी बाई पहाटे चारला उठून आलेली असते. आणि कुणालाही ‘तुम्ही चिनी वाटता’ असं चुकूनही म्हणू नका.

एक दिवस जास्तीचा असेल तर

कोहिमाच्या लढाईचा आपला धागा मणिपूरमधल्या उख्रुल जिल्ह्यात, शांगशाकला आहे. 1944 च्या मार्चमध्ये 50 व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत 5 महरट्टा लाइट इन्फन्ट्रीची 4 थी बटालियन तिथे होती. पुढच्या ठाण्यांवरून ती मागे आली आणि शांगशाकच्या टेकडीवर, चर्चभोवती, 26 मार्चच्या रात्रीपर्यंत लढली. पाणी नव्हतं, काटेरी तारा नव्हत्या, खडकात खंदक खोल जात नव्हते. ब्रिगेडची सुमारे 600 माणसं मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली. पण कोहिमाकडे निघालेली जपान्यांची 58 वी रेजिमेंट तिथे जवळजवळ आठवडाभर अडकली, आणि एका मृत जपानी अधिकाऱ्याच्या नकाशावरून त्यांचा कोहिमाचा बेतही कळला. कोहिमाच्या टेकडीला तयारीला मिळालेले दिवस इथून आले.

मणिपूरला वेगळं इनर लाइन परमिट लागतं, आणि 2023 पासून तिथली परिस्थिती नाजूक आहे. त्यामुळे निघण्याआधी कोहिमातल्या यजमानांना विचारा आणि ते नको म्हणाले तर जाऊ नका. तसं झालं तर त्या दिवशी सकाळी पुन्हा गॅरिसन टेकडीवर जा, अगदी वरच्या भिंतीपर्यंत. दुसऱ्या दिवशी वाचायची राहिलेली नावं तिथेच असतात.